घरमालक दुरुस्ती करत नाही, मग आपण काय करायचं? मुंबईतल्या भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लालबागला चाळीत राहते, आमच्या भाडेकरू समितीचे कागद गेली काही वर्षं माझ्याकडे आहेत. वकील नाहीये. पण कोर्ट, वॉर्ड ऑफिस, म्हाडाचं रिपेअर बोर्ड असं फिरून फिरून जे कळलं ते आणि लोक जे विचारतात ते इथे एकत्र लिहितेय. दरवर्षी जून आला की तेच फोन येतात, वरून पोपडा पडला, मालकाला सांगितलं, तो "बघू" म्हणाला. हे "बघू" दहा-दहा वर्षं चालतं आणि त्याची एकही तारीख आपल्याकडे लिहिलेली नसते, सगळं तिथेच अडतं. म्हणून खाली प्रत्येक उत्तरात मी कागद कागद करत राहीन, कंटाळू नका.

मी भाडेकरू आहे की लायसन्सी? फरक काय पडतो?

सगळ्यात आधी हे बघा, कारण पुढची अर्धी उत्तरं यावरच बदलतात. पागडीची खोली (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली), महिन्याला थोडंसं भाडं, मालकाची भाडेपावती, हे असेल तर तुम्ही भाडेकरू, आणि तुम्हाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू होतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, त्याआधी १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा होता. पागडी घेणं-देणं आता या कायद्यात मान्य आहे, त्यामुळे "पागडी म्हणजे बेकायदा, तुम्ही बोलूच नका" असं कोणी दटावलं तर ऐकू नका.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर तुम्ही लायसन्सी. तुम्हाला भाडेकरूसारखं संरक्षण नाही, मुदत संपली की जागा सोडावी लागते आणि नाही सोडली तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते. तुमच्यासाठी खाली वेगळा प्रश्न घेतलाय.

दुरुस्ती कायद्याने कुणाचं काम आहे?

मालकाचं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की जागा चांगल्या स्थितीत, राहण्यालायक ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. "भाडं इतकं कमी येतं, मी कुठून करू" हे मालक नेहमी म्हणतात, आणि भाडी कमी आहेत हे खरंच आहे, पण म्हणून जबाबदारी जात नाही. शिवाय जागा दुसऱ्याच्या नावावर करताना पागडीतला मोठा हिस्सा मालकाकडे जातो, तो कोणी मोजत नाही.

त्याच कलमात पुढे असंही आहे की तुम्ही किमान १५ दिवसांची लेखी नोटीस दिली आणि तरी मालकाने वाजवी वेळेत काम केलं नाही तर तुम्ही स्वतः, किंवा सगळ्यांनी मिळून, दुरुस्ती करून घेऊ शकता आणि खर्च भाड्यातून कापू शकता. पण एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची मर्यादा आहे, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आता हिशोब करा. भाडं महिना २५० रुपये, वर्षाचे ३०००, त्याचा पाव म्हणजे ७५० रुपये. साडेसातशेत सामाईक संडासाचा पाइप कदाचित बदलेल, गॅलरीची कुजलेली तुळई बदलणार नाही.

मग ही नोटीस द्यायची कशाला? तर ती दिली की मालकाला "मला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. पुढे कोर्टात, पालिकेत, रिपेअर बोर्डात, देव न करो पण काही दुर्घटना झाली तर पोलिसात, सगळीकडे हाच पहिला कागद बघितला जातो.

नोटीस कशी लिहायची? वकील लागतो का?

नाही लागत. साध्या मराठीत लिहा. मालकाचं नाव तेच घाला जे पावतीवर आहे (आणि मालमत्ता पत्रकावर वेगळं असेल तर दोघांनाही पाठवा, ट्रस्ट असेल तर ट्रस्टी म्हणून). इमारतीचं नाव, खोली नंबर, मजला.

मग नुकसान. इथे लोक चुकतात, "इमारत धोकादायक झाली आहे" एवढंच लिहितात. असं लिहा: "दुसऱ्या मजल्यावर खोली १४ च्या बाहेर गॅलरीच्या छताचं प्लास्टर साधारण दोन फूट बाय तीन फूट पडलं आहे, सळ्या उघड्या पडून गंजल्या आहेत, टेकू म्हणून लावलेला लाकडी खांब खालून कुजला आहे, दि. अमुक रोजी पोपडा पडून एका मुलीच्या खांद्याला लागलं." जागा, माप, तारीख. फोटो काढताना शेजारी त्या दिवसाचा पेपर किंवा मोजपट्टी धरा. शेवटी, "ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती सुरू करावी, अन्यथा कलम १४ प्रमाणे आम्ही पुढील कार्यवाही करू."

स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती ठेवा. मालकाने पाकीट घेतलं नाही, "नकार" शेरा मारून परत आलं, तर ते पाकीट फोडू नका, तसंच बंद ठेवा. कोर्टात ते बंद पाकीटच उपयोगी पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, चालतं, पण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर थांबू नका.

तक्रार नक्की कुठे करायची, पालिकेत की म्हाडात?

इमारत सेसवाली आहे का ते बघा. शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसतो. १ सप्टेंबर १९४० आधीच्या इमारती अ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ब मध्ये, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क मध्ये. सेस असेल तर रचनेची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे, आपण ज्याला रिपेअर बोर्ड म्हणतो. तिथे विभागीय ऑफिसात कार्यकारी अभियंत्याच्या नावे अर्ज द्या. खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर वरचा भार भाडेकरूंवर येतो हे आधीच विचारून घ्या, नंतर भांडणं होतात.

सेस नसेल किंवा उपनगरात असाल तर वॉर्ड ऑफिसचं इमारत व कारखाने खातं. फोनवर १९१६ ला तक्रार करून नंबर घ्या, पण लेखी अर्जही द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर थांबायचं.

हद्दीचा हा प्रश्न किरकोळ नाहीये. डोंगरीची केसरबाई इमारत १६ जुलै २०१९ ला पडली तेव्हा ढिगारा उपसायचं काम चालू असतानाच वाद सुरू झाला होता की पडलेला भाग म्हाडाच्या हिशोबात येतो की नाही. बरोब्बर एका वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टमध्ये भानुशाली इमारतीचा भाग कोसळला. दोन्ही वेळा भर पावसाळा. म्हणून शंका असेल तर दोन्हीकडे अर्ज द्या आणि प्रत्येकात लिहा की दुसरीकडेही दिलाय.

स्ट्रक्चरल ऑडिट कोणी करायचं?

३० वर्षं उलटलेल्या इमारतीचं ऑडिट पालिका कायदा १८८८ च्या कलम ३५३ब प्रमाणे सक्तीचं आहे. मालक करत नसेल तर राहणाऱ्यांनी मिळून पालिकेच्या यादीतल्या इंजिनीअरकडून करून घेता येतं. वर्गणी काढावी लागते, पण मालकाने आणलेल्या रिपोर्टला उत्तर द्यायला आपल्या हातात काहीतरी असतं.

इमारत "सी-वन" ठरवली आणि खाली करायची नोटीस लागली. आमचा हक्क गेला का?

नाही गेला. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात घाबरलेल्या आवाजात येतो, म्हणून जरा सविस्तर.

पालिकेचे चार वर्ग आहेत. सी-वन म्हणजे राहायला धोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडायचा. सी-टू-बी म्हणजे आत राहूनच रचनेची दुरुस्ती. सी-थ्री म्हणजे किरकोळ. पालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस लागते ती सी-वनला.

काही मालक वर्षानुवर्षं मुद्दाम डागडुजी करत नाहीत, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग नाही, फुटलेला पाइप तसाच, भिंतीत पिंपळ वाढू देतात, आणि मग एक दिवस स्वतःच इंजिनीअर आणून सी-वनचा रिपोर्ट घेतात. हे दुर्लक्ष नुसता आळस नाहीये, लोकांना बाहेर काढायचा तो एक रस्ता आहे आणि मी हे डोळ्याने बघितलंय. तुमचा वेगळा रिपोर्ट सी-टू म्हणत असेल तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, तिला टॅक म्हणतात, दोन रिपोर्ट जुळत नसतील तर तिच्याकडे प्रकरण जातं. लगेच लेखी मागणी करा.

पण खरंच सी-वन असेल तर राहू नका. हक्कासाठी कोणी ढिगाऱ्याखाली जायचं नाही. २०१७ ला ३१ ऑगस्टला भेंडी बाजारची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. बाहेर पडा, पण पडण्याआधी हे करा: पालिकेकडून भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या खोलीचं कार्पेट क्षेत्र मोजून लेखी घ्या, स्वतःही टेप लावून मोजा, मोरी, पोटमाळा, गॅलरी सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा, पावत्या, रेशनकार्ड, लाइटबिल सोबत न्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजीच्या केसमध्ये हे सांगितलंय, आणि ती इमारतही महापालिकेनेच पाडलेली होती. मालक चावी घेताना "सगळे हक्क सोडले" असा स्टँपपेपर पुढे करतो, त्यावर सही करू नका. चावी दिली तर "इमारत धोकादायक असल्याने तात्पुरता ताबा देत आहोत, भाडेकरू हक्क कायम" असं लिहून द्या.

मालक भाडंच घेत नाही. पावतीही देत नाही.

ही चाल जुनी आहे, आधी भाडं नाकारायचं आणि मग थकबाकीदार म्हणून केस टाकायची. भाडं दर महिन्याला मनीऑर्डरने पाठवा, परत आली तर ती स्लिप वहीत चिकटवा. बँक खातं माहीत असेल तर ऑनलाइन टाका आणि रिमार्कमध्ये महिना लिहा. पावती देणं मालकावर कायद्याने सक्तीचं आहे.

थकबाकीची नोटीस आलीच तर घाबरून फेकून देऊ नका. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस गेल्याशिवाय मालक दावा टाकू शकत नाही, त्या आत भरा. दावा पडला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी १५ टक्के व्याजासकट कोर्टात भरली आणि पुढे नियमित भरत राहिलात, कोर्टाचा खर्च दिलात, तर त्या कारणावर जागा खाली करायचा हुकूम होत नाही. दुरुस्ती करत नाही म्हणून भाडंच थांबवायचं, हा सल्ला चाळीत कोणीतरी देतोच. तो ऐकू नका. आपली बाजू स्वच्छ ठेवायची.

भाडेवाढीचंही विचारतात. वर्षाला ४ टक्के कायदेशीर आहे. मोठ्या दुरुस्तीची आणि टॅक्सची वाढ वेगळी, ती मागताना हिशोब दाखवायला सांगा.

पाणी तोडलं, पंप बंद केला, जिन्यातला दिवा काढला.

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९. पाणी, वीज, जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे, लिफ्ट, साफसफाई या अत्यावश्यक सोयी मालकाला बंद करता येत नाहीत, करणं गुन्हा आहे. लघुवाद न्यायालयात, म्हणजे आपलं स्मॉल कॉजेस कोर्ट, धोबी तलावला आणि उपनगरांसाठी वांद्र्याला, अर्ज केला की अंतरिम आदेश मागता येतो, मुख्य दाव्यासारखी वर्षं जात नाहीत. तोडलेल्या जोडणीचा फोटो, आधीची बिलं, आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब लिहून घ्या. आमच्याकडे पंप नऊ दिवस बंद होता, तळमजल्यावरून तिसऱ्यावर कळशा चढवताना माझ्या आईचा पाय मुरगळला, त्या नऊ दिवसांची नोंद एका शाळकरी मुलीने कॅलेंडरवर रोज फुली मारून ठेवली होती. वकिलांनी तेच कॅलेंडर अर्जाला जोडलं.

पोलीस म्हणतात "हा सिव्हिल मॅटर आहे".

भाड्याचा वाद सिव्हिल आहे, खरंय. पण कुलूप तोडणं, दरवाजा अडवणं, सामान बाहेर फेकणं, धमकी देणं हे सिव्हिल नाही. भारतीय न्याय संहितेत बेकायदा अडवणूक कलम १२६, नुकसान ३२४, घरात घुसणं ३२९, धमकी ३५१. नंबर लिहूनच अर्ज न्या. निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) तरी नोंदवून घ्या आणि प्रत मागा. त्या क्षणी गुंड आले असतील तर ११२.

कोर्टाच्या हुकमाशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलं असेल तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लोक समेटाच्या बैठकांमध्ये घालवतात.

आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला, चाळीतली खोली बंद असते. चालेल?

धोका आहे. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालक त्या कारणावर दावा टाकू शकतो, आणि लाइटबिलावर शून्य युनिट दिसलं की त्याचं काम सोपं होतं. येऊन-जाऊन राहा. आणि तोंडी पोटभाडेकरू ठेवू नका.

पावती अजून आजोबांच्या नावावर आहे.

निम्म्या मुंबईची हीच गोष्ट. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत त्या जागेत राहत असलेल्या कुटुंबातल्या माणसाला भाडेकरू हक्क मिळतो. म्हणून त्या वेळचं रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला जपा. नाव बदलायचा अर्ज मालकाला लेखी द्या, त्याने पैसे मागून अडवलं तरी अर्जाची पोच राहू दे.

शेजारी खांब फोडतोय, ओटा मोठा करतोय. तेही मालकाचंच काम का?

लाकडी पार्टिशन, ओटा, खिडकी अशा गोष्टींना कायदा मुभा देतो. खांब, तुळई, मुख्य भिंत यांना हात लावणं वेगळं. घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला साई दर्शन पडली, १७ जण गेले, तळमजल्यावरच्या कामात आधाराच्या भागांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. हातोड्याचा आवाज आला की त्याच दिवशी १९१६. शेजारधर्म नंतर बघू.

मी लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. छत गळतंय, डिपॉझिट अडकलंय.

करार नोंदवलेला आहे का? नोंदणी करून घेणं मालकाची जबाबदारी आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल तुम्ही जे म्हणाल ते खरं धरलं जातं, जोवर मालक उलटं सिद्ध करत नाही, आणि त्याला तीन महिने कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम एजंट कधी सांगत नाहीत.

करारात दोन ओळी आधीच घालून घ्या, मोठी दुरुस्ती कोणाची आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. आत जाताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. चावी डिपॉझिटचा ट्रान्सफर आल्यावरच द्या, निदान अर्धा तरी. "डिपॉझिट दोनच महिन्यांचं घ्यायचं असा कायदा आलाय" अशी फॉरवर्ड फिरते, तो केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा आहे, म्हणजे राज्यांसाठी नमुना, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, त्याच्यावर विसंबू नका.

बिल्डर आलाय, संमतीपत्रावर सही करू का?

सेस इमारतीच्या पुनर्विकासाला आता ५१ टक्के संमती पुरते आणि विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. पण संमतीपत्र म्हणजे करार नव्हे. पर्यायी जागेचा करार नोंदवा, त्यात क्षेत्र, मजला, बाहेर राहण्याचं भाडं, दर वर्षाची वाढ, काम रखडलं तर काय, हे सगळं आकड्यात हवं. आधी खोली सोडून मग करार करणारे लोक वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात आहेत.

मालक हललाच नाही तर म्हाडा कायद्यात कलम ७९अ आलंय, धोकादायक सेस इमारतीच्या मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, मग म्हाडा स्वतः. या नोटिसा ज्या पद्धतीने काढल्या त्यावरून प्रकरण हायकोर्टात गेलंय, त्यामुळे तुमच्या इमारतीला नोटीस असेल तर आजची स्थिती वकिलाकडून तपासा.

वकिलाला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना उत्पन्नाची अटच नाही. १५१०० वर फोन करा. घरातली पावती आईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्या नावाने करा.

बाकीचे भाडेकरू सही करत नाहीत. एकटी काय करू?

नोटीस एकटीने देता येते, कायदा तसंच म्हणतो. पण लोकांना का भीती वाटते ते समजून घ्या. पहिल्या मजल्यावरच्या काकांना वाटतं मालक पाणी तोडेल, कोणाचं नाव बदलायचं अडकलंय, कोणाच्या घरात लग्न आहे. त्यांना कायदा सांगून उपयोग होत नाही.

आमच्याकडे जिन्याच्या भिंतीला तडा होता, सगळे म्हणायचे तो जुनाच आहे. मी आणि शेजारच्या मावशींनी तड्यावर आडव्या कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख. जूनमध्ये चार पट्ट्या लावल्या. गोकुळाष्टमीपर्यंत दोन फाटल्या होत्या, मधून, तड्याच्या रेषेतच. येता-जाता सगळ्यांना दिसत होतं. त्या आठवड्यात अकरा सह्या झाल्या, पहिल्या मजल्यावरचे काका स्वतः वर आले आणि पेन मागून घेतलं. अर्जाला त्या पट्ट्यांचे फोटो जोडले, रिपेअर बोर्डाचे इंजिनीअर आले, टेकू लागले, खालच्या दोन टप्प्यांचं काम झालं. वरचा टप्पा राहिलाय, त्याची नोटीस गेल्या आठवड्यात गेली, सतरा सह्यांची.